टेक्सासात हरणांसाठी मक्याचा फीडर लावायचाय? आधी हे वाचा

ऑक्टोबर लागला की टेक्सासात पेट्रोल पंपांपासून किराणा दुकानांपर्यंत सगळीकडे ‘डिअर कॉर्न’ लिहिलेल्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटतं, वा, इथले लोक हरणांना खाऊ-पिऊ घालतात! तसं काही नसतं. तो मका हरणाला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आणण्यासाठी असतो आणि त्या जागेपासून शंभरेक यार्डांवर कुणीतरी रायफल घेऊन बसलेलं असतं.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांना ऑफिसातला सहकारी ‘ये एकदा आमच्या लीजवर’ (म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) म्हणतोय. दुसरे, ज्यांनी हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, पाच-दहा एकर घेतलेत आणि ज्यांचा शेजारी पहिल्याच भेटीत ‘फीडर (मका टाकणारं यंत्र) कुठे लावणार?’ असं विचारतोय. मी या दोन्हींतून गेलोय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हटलं की कोर्टकचेरीच आठवते, त्यामुळे घरात हा विषय काढायलाही संकोच वाटतो. इथे शिकार कायदेशीर आहे, पण त्याला नियमांचं मोठं जंगल आहे, आणि मक्याभोवती तर ते फारच दाट आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: मका हे आमिष आहे, खुराक नव्हे. हे मान्य केलं की किती टाकायचा, कधी टाकायचा, कधी थांबायचं, ही पुढची उत्तरं आपोआप मिळत जातात.

१. तुमची जमीन कुठल्या नियमात बसते ते बघा

टेक्सासातली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे आणि खाजगी जमिनीवर मका टाकून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करायला राज्याची परवानगी आहे. म्हणून इथे फीडर इतके दिसतात. पण हेच गृहीत धरून सरकारी जमिनीवर पोतं घेऊन जाऊ नका. सार्वजनिक शिकार क्षेत्रांत आमिष टाकणं सहसा निषिद्ध असतं.

राज्य बदललं की सगळंच बदलतं. डेट्रॉइटकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं, मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलात २०१९ मध्ये हरणांना आमिष टाकण्यावर आणि खायला घालण्यावरही बंदी आली. मिनेसोटात आमिषावर शिकार बेकायदा आहे. इलिनॉयमध्ये हरणांना खायला घालणंच बेकायदा आहे, म्हणजे शिकागोच्या उपनगरात परसात कौतुकाने टाकलेला मकाही गुन्ह्यात मोडतो. विस्कॉन्सिनात काउंटीनुसार उत्तर वेगळं. उलट जॉर्जिया आणि अलाबामा सैल झालेत. अलाबामात आमिषावर शिकार करायची तर त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो.

टेक्सासातही गावांचे आणि वसाहतींचे स्वतःचे नियम असतात. सॅन अँटोनियो-ऑस्टिनच्या आसपास हरणं इतकी माजलेली आहेत की काही गावांनी त्यांना खायला घालायलाच बंदी केलीय. घर वसाहतीत असेल तर तिची नियमावली आधी काढा आणि मगच फीडरची चौकशी करा.

२. कागदपत्रं

नुसता फीडर लावून कॅमेऱ्यात हरणं बघायची असतील तर शिकारीचा परवाना लागत नाही. शिकार करायची असेल तर एवढं लागेल:

- टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचा शिकार परवाना. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. रहिवाशाला २५ डॉलर, बाहेरच्याला ३१५ डॉलर. टेक्सासात सलग सहा महिने राहिला असाल तर तुम्ही रहिवासी. नुकतेच न्यू जर्सीहून डॅलसला आला असाल तर तारखा मोजा, २९० डॉलरचा फरक आहे.
- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागू, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना. वय १७ किंवा जास्त असेल तर अख्खा कोर्स ऑनलाइन होतो. एकदाच मिळणारी मुदतवाढ आहे, पण त्या काळात परवानाधारक शिकारी सोबत हवा.
- फक्त धनुष्यासाठी राखलेल्या हंगामात शिकार करायची असेल तर ७ डॉलरचं आर्चरी एंडोर्समेंट, म्हणजे परवान्यावरची जादा नोंद.
- जमीनमालकाची परवानगी किंवा लीजचा करार, लेखी. तोंडी ‘हो हो, या कधीही’ यावर जाऊ नका. आणि कुंपणाच्या खांबांवर किंवा झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती सजावट नसते. टेक्सासात त्याचा कायदेशीर अर्थ ‘आत येऊ नये’ असा आहे.

आता व्हिसावाल्यांसाठी. हा मुद्दा गोरा सहकारी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला तो ठाऊकच नसतो. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. थोडक्यात, आधी परवाना, मग रायफलला हात. ‘नुसती धरून बघ’ असं लीजवर कुणी म्हणालं तरी परवाना खिशात असल्याशिवाय धरू नका. दुसरा सापळा असा की परवाना ३१ ऑगस्टला संपतो. रायफल घरात असेल तर १ सप्टेंबरच्या आधी नवा परवाना काढलेला हवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. ज्यांचा व्हिसा नूतनीकरणाच्या वगैरे घोळात आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. धनुष्य आणि क्रॉसबो या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाहीत. आपल्यातले कितीतरी जण त्याच कारणाने तिकडे वळतात.

३. मका विकत घेताना

पोतं साधारण ५० पौंडांचं, म्हणजे साडेबावीस किलोच्या जरा वर. किंमत दहा डॉलरच्या आगेमागे. पण स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका.

मक्यावर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. दुष्काळी, उष्ण हवेत पीक उभं असताना ते जास्त होतं, आणि नंतर ओल लागली की साठवणीतही. भुईमुगाच्या शेंगांमुळे हे नाव आपल्याला परकं नाही. माणसाच्या खाण्यात अमेरिकी अन्न विभाग २० पीपीबीपर्यंत (एक अब्ज भागांत २० भाग) चालवून घेतो, आणि वन्यप्राण्यांसाठीही तीच मर्यादा पाळावी. हरणापेक्षा पक्ष्यांना याचा धोका जास्त. टर्की, क्वेल, कार्डिनल हे सगळे फीडरखाली येतातच, तुम्ही बोलवा किंवा नका बोलवू. त्यामुळे पोत्यावरचं लेबल वाचा, अफ्लाटॉक्सिनचा उल्लेख शोधा.

मग पोतं उघडून मूठभर मका तळहातावर घ्या. चांगला दाणा कोरडा, खणखणीत आणि चकचकीत असतो. हिरवट-पिवळसर भुकटी, दाण्याच्या टोकाशी काळपटपणा, एकमेकांना चिकटलेले गोळे किंवा जुन्या कणगीचा असावा तसा कुबट वास आला तर पोतं सरळ परत करा. तुटके दाणे आणि कोंडा फार असेल तरीही नको. बुरशी आधी तिथे धरते, आणि फीडरचं तोंडही त्यानेच तुंबतं.

आता ‘खुराक’ या गैरसमजाबद्दल. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, बाकी बहुतेक स्टार्च. हरणाला वाढीसाठी आणि शिंगांसाठी १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. म्हणून खरोखर पोसायचं म्हणणारे लोक प्रोटीन पेलेट वापरतात, त्यांचे फीडरही वेगळे. जमिनीवर वाइल्डलाइफ मॅनेजमेंटची कर-सवलत घ्यायचा विचार असेल तर हे विशेष महत्त्वाचं. त्या सवलतीसाठी ठरवलेल्या यादीत सात कामं आहेत आणि त्यांतली किमान तीन करावी लागतात. ‘पूरक अन्न’ हे त्यांतलं एक. पण शिकारीच्या हंगामात दोन महिने फेकलेला मका दाखवून ते पदरात पडेल अशा भ्रमात राहू नका.

उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांत मका थेट जिवावर उठू शकतो. हरीण रवंथ करणारं जनावर. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जिवाणू काटक्या आणि सालींना सरावलेले असतात. अशात अचानक पोटभर मका मिळाला की पोटात लॅक्टिक आम्ल साठतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. ज्वारीच्या कणसांवर तुटून पडलेली म्हैस गावाकडे ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. टेक्सासात चारा बारमाही मिळतो म्हणून हा धोका कमी.

ज्वारीवरून आठवलं, इथे ‘मायलो’ नावाने मिळते ती आपली ज्वारीच. क्वेलसाठी फीडरमध्ये घालतात. भाकरीसाठी घरी आणायचा मोह आवरा, ती खाण्याच्या दर्जाची नसते.

४. फीडर कुठला

सुरुवातीला तिवईवरचा स्पिनर फीडर घ्या. वर बॅरल, खाली नरसाळं, त्याखाली बॅटरीवर फिरणारी चकती आणि टायमर. चकती काही सेकंद फिरते आणि दाणे गोलाकार उधळते. सोबत छोटं सोलर पॅनल घ्या, नाहीतर ऐन हंगामात बॅटरी मान टाकते. गुरुत्वाकर्षणावर चालणारे, सतत दाणे सोडणारे फीडर मक्यासाठी टाळा. ते दिवसभर सगळ्या गावाला जेवू घालतात.

चकती किती दाणे फेकते हे खोक्यावर वाचून कळत नाही, मोजावंच लागतं. चकतीभोवती पोतं नीट बांधा, टायमरचं टेस्ट बटण दाबून पाच सेकंद फिरवा आणि पडलेला मका वजनकाट्यावर घाला. समजा दोन किलो निघाला. दिवसातून दोनदा म्हणजे चार किलो, म्हणजे एक पोतं साडेपाच दिवसांत संपलं. ५५ गॅलनच्या बॅरलमध्ये दीडशे किलोच्या आसपास मका मावतो, तो पाच आठवडे पुरेल. मला विचाराल तर तीन सेकंदांवर आणा. हरणं दाण्यांनी पोट भरायला येत नाहीत, चटक लागलेली असते म्हणून येतात. आणि पुढच्या फेरीपर्यंत जमिनीवर दाणे उरत असतील तर तुम्ही डुकरं आणि रॅकून (रात्री हिंडणारा, हाताने चोऱ्या करणारा छोटा प्राणी) पोसताय.

कंट्रोल बॉक्स उघडताना हातमोजे घाला. टेक्सासच्या फायर अँट्सना विजेच्या उपकरणांचं वेड आहे आणि लाल गांधीलमाश्यांना अशा बंद खोक्यांचं. झाकण उघडलं की आधी एक पाऊल मागे.

५. जागा

रस्त्यापासून लांब. शेजाऱ्याच्या कुंपणापासूनही लांब. कुंपणाला चिकटून फीडर लावणं बेकायदा नसेल, पण अमेरिकेत हरीण जमीनमालकाचं नसतं, जनतेच्या वतीने राज्याचं असतं. शेजाऱ्याच्या जमिनीवरची हरणं ओढून घेण्यासाठीच फीडर तिथे आहे हे न कळण्याइतका कुठलाही शेजारी भोळा नसतो.

ब्लाइंड, म्हणजे बसायचं मचाण, रायफलसाठी ७५ ते १०० यार्डांवर, धनुष्यासाठी २०-२५ यार्डांवर. नोव्हेंबरात थंडीची लाट आली की वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा ब्लाइंड फीडरच्या दक्षिणेला हवं. आणि गोळी चुकली तर मागे काय आहे ते बघा. मागे टेकडी किंवा उतार हवा, घर किंवा रस्ता नको.

६. टायमर

नेमबाजीची कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. टायमर सकाळी सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटांवर लावा, म्हणजे नीट दिसेल इतका उजेड झालेला असतो. संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी.

खरी गंमत पुढे आहे. बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. बहुतेक वर्षी म्हणजे शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी! लोक रविवारी पहाटे इमानेइतबारे टायमरही तासभर मागे करतात आणि मग हरणं आलीच नाहीत म्हणून हळहळतात. हरणं आली होती, तासभर आधी. त्यांच्या लेखी घड्याळ मागे गेलेलंच नसतं. टायमरला हात लावू नका, तुम्ही तासभर लवकर उठा. आपोआप वेळ बदलणारा टायमर असेल तर ती सोय बंद करा.

फीडर हंगामाच्या किमान तीन-चार आठवडे आधी सुरू झालेला हवा. आणि ज्या वर्षी लाइव्ह ओकच्या झाडांना भरपूर अॅकॉर्न (ओकची फळं) लागतात त्या वर्षी कितीही मका फेका, हरणं झाडाखालीच सापडतील. फीडर बिघडलेला नसतो.

७. डुकरं आणि होले

टेक्सासातली रानडुकरं लाखांनी मोजली जातात आणि मका त्यांना हरणांपेक्षा प्रिय. फीडरभोवती ३४ इंच उंचीच्या हॉग पॅनलचं (जाड तारेच्या तयार जाळीचं) गोल कुंपण घाला. हरीण सहज उडी मारतं, डुकराला जमत नाही. तिवईचे पाय लोखंडी खांबांना बांधा, नाहीतर डुकरं अंग घासून ती आडवी करतात. चकतीभोवती जाळी नसेल तर रॅकून रात्रभर हाताने फिरवून बॅरल रिकामं करतो.

होल्यांचा सापळा मात्र कायद्याचा आहे. इथल्या डव्ह म्हणजे आपले होले. ते स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्यात येतात आणि आमिष टाकलेल्या जागेवर त्यांची शिकार गुन्हा आहे, मग राज्य हरणांसाठी कितीही मका टाकू देत असो. सगळा मका उचलल्यानंतरही ती जागा दहा दिवस ‘आमिष टाकलेली’ धरली जाते. सप्टेंबरात होल्यांचा हंगाम आणि हरणांच्या फीडरची तयारी एकत्र येते. कुणी होल्यांच्या शिकारीला बोलावलं तर ‘इथे जवळपास फीडर चालू आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर, माहीत असणं अपेक्षित असेल तर, चालत नाही.

८. वादात पडण्याआधी

लीजवर शेकोटीभोवती बसलात की हा विषय निघणारच, म्हणून दोन्ही बाजू कानावर असू द्या.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं: हिल कंट्रीत सीडर आणि ओकची झाडी इतकी गच्च की आमिषाशिवाय हरीण दिसतच नाही. फीडरसमोर ते स्थिर उभं राहतं, नेम स्वच्छ लागतो, जखमी होऊन पळत नाही. नर-मादी नीट ओळखता येते. अनेक काउंट्यांत नराच्या शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच किंवा जास्त असावं, नाहीतर निदान एक शिंग बिनफाट्याचं असावं, असा नियम आहे. ते जोखायला वेळ मिळतो. आणि राज्यात हरणं ५० लाखांहून जास्त आहेत, काही कमी व्हायलाच हवीत.

विरोधकांचा जुना मुद्दा खिलाडूपणाचा: वेळेवर घंटा वाजवून जेवायला बोलावलेल्या जनावरावर गोळी झाडण्यात कसली शिकार? शिवाय शिकारीचा दबाव वाढला की हरणं फीडरवर रात्रीच यायला लागतात, आणि अंडी खाणारे रॅकून-स्कंक गोळा झाल्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या टर्की-क्वेलचं नुकसान होतं.

पण आज वादाचं पारडं ज्याने फिरवलंय ते कारण म्हणजे सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा जीवघेणा मेंदूचा रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत तो प्रथम लक्षात आला. टेक्सासात २०१२ मध्ये पश्चिमेच्या ह्युएको डोंगरांतल्या म्यूल डिअर या दुसऱ्या जातीच्या हरणांमध्ये, आणि २०१५ मध्ये मेडिना काउंटीतल्या पैदास केंद्रात पांढऱ्या शेपटीच्या हरणात सापडला. कारण जिवाणू नाही, विषाणूही नाही. घडी बिघडलेलं प्रथिन, म्हणजे प्रायॉन. लाळ, मूत्र, लेंड्या यांतून ते बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. उपचार नाही. आता तुमच्या फीडरखालची जमीन डोळ्यांसमोर आणा: रोज त्याच जागी, त्याच मातीवर, दहा-बारा तोंडं नाकाला नाक लावून दाणे टिपतायत.

माझं मत विचाराल तर खिलाडूपणाचा वाद मला फारसा हलवत नाही. आमिषाशिवाय तीनशे यार्डांवरून घाईने मारलेली गोळी जास्त क्रूर असू शकते. रोगाचा मुद्दा मात्र मी टाळू शकत नाही. ज्या भागात सीडब्ल्यूडी सापडलाय तिथे मी फीडर लावणार नाही, कायदा लावू देत असला तरीही. इतरत्र थोडा मका, फक्त हंगामापुरता, आणि फीडर अधूनमधून पन्नास-शंभर पावलं सरकवलेला.

९. हरीण पडल्यावर आणि हंगाम संपल्यावर

परवान्यासोबतचा टॅग लगेच भरून लावा आणि परवान्यावरची नोंद करा. फोटो नंतर. सीडब्ल्यूडीच्या तपासणीचे आणि सांगाडा हलवण्याचे नियम भागानुसार असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात विभागाच्या संकेतस्थळावर तुमची काउंटी बघा. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, आणि शिजवून प्रायॉन मरत नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं, नाव-तारीख घालून ठेवा. मटणाचा मसाला तेवढे दिवस थांबू शकतो.

हंगाम जानेवारीत संपतो, उत्तर भागात आधी, दक्षिणेत दोन आठवड्यांनी. संपला की बॅरल पूर्ण रिकामं करा. तळाशी ओल लागून मोड आलेला किंवा गोळा झालेला मका नेहमीच निघतो. तो झुडपात ओतू नका, कचऱ्यात टाका. जमिनीवरचे दाणे दाताळ्याने ओढून गोळा करा. बॅटरी काढून घरी आणा. नरसाळं ब्रशने घासून, धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच झाकण लावा. झाकणाचं रबर चिरलं असेल तर तेव्हाच बदला, सप्टेंबरात दुकानात मिळेलच असं नाही.